देव नाही केले

वसमतमध्ये कुणालाही सांगा, आम्ही चेन्नईला जाऊन आलो. पहिला प्रश्न ठरलेला, "कामून? दवाखान्यात दाखवायला का?" नाही म्हटलं की दुसरा, "मग तिरुपती करून आला असताल." तेही नाही म्हटलं की समोरचा माणूस जरा थांबतो आणि तोंडाकडं बघत राहतो. दक्षिणेकडं जायची आपल्याकडं दोनच कारणं आहेत, आजार आणि नवस. तिसरं काही असू शकतं ही बातमी अजून पूर्णा नदी ओलांडून इकडं आलेली नाही.

तर मंडळी, आम्ही त्या तिसऱ्या कारणासाठी गेलो होतो. गाणं ऐकायला आणि खायला. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या आत्याबाई. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी खुलासा: आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. तुमच्याकडच्या आत्या वेगळ्या.)

आत्याबाईंचं वय एकाहत्तर. मामंजी जाऊन तीन वर्षं झाली. त्या आधीची पन्नासएक वर्षं घर, आखाडा आणि हळद यात गेली. हळदीचं पीक ज्यांनी जवळून बघितलं नाही त्यांना सांगते, उन्हाळ्याच्या शेवटी बेणं लावायचं ते थेट पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत काढायला यायचं. मग खणणं, मोडणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश. तेव्हा कुठं ती वसमतच्या मोंढ्यात जाते. शिजवायला आता वाफेचे कुकर आलेत, पण आत्याबाईंच्या काळात कढया होत्या आणि कढयांखाली जाळ घालायला बाया होत्या. काढणीच्या दिवसांत त्यांचे तळहात पिवळेजर्द असायचे. भाकरीसुद्धा पिवळी दिसायची म्हणतात. एवढ्या वर्षांत त्यांनी जे प्रवास केले ते सगळे कशाच्या तरी नावानं. लग्न, बाळंतपण, मयत, पंढरपूर, आणि परतवारीला नर्सी. बस्स.

माझ्या नणंदेची मुलगी चेन्नईत नोकरीला आहे. ती दरवर्षी म्हणायची, डिसेंबरात या, इथं महिनाभर गाणं असतं. आत्याबाई गावातल्या बायकांच्या भजनी मंडळात पेटीच्या शेजारी बसतात आणि त्यांचा ताल पक्का आहे. म्हणून मी विचारलं, "येता का?" त्या म्हणाल्या, "तिकडं काय करायचं?" मी म्हटलं, "काही नाही. बसायचं, ऐकायचं, खायचं." दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं, "थंडी असती का तिकडं?" मी समजले.

आमच्या ह्यांची हरकत नव्हती. डिसेंबरात हळद जमिनीतच असते, पण हरभऱ्याला पाणी द्यायचं आणि लाईट रात्रीची, म्हणून हे थांबले. हरकत होती ती बाकीच्यांची. मोठ्या काकू म्हणाल्या, "तीर्थाला गेल्या असत्या तं कोण नाव ठेवणार होतं? पण आता या वयात, अन् अशा स्थितीत, गाणं ऐकाया?" (काकू हे वाचणार नाहीत, पण त्यांची सून वाचते. वाच गं.)

'अशा स्थितीत' म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. त्यावर मी नंतर येते. आधी चेन्नई.

नांदेडहून रात्रीच्या गाडीनं हैदराबाद, तिथं दिवसभर एका पाहुण्यांकडं, आणि संध्याकाळची चारमिनार एक्स्प्रेस. सकाळी एग्मोर. प्रवासाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. आत्याबाईंनी धपाटे आणि जवसाची चटणी इतकी बांधून घेतली होती की डब्यातल्या निम्म्या तेलुगू कुटुंबांनी ती चाखली.

चेन्नईच्या या गाण्याच्या दिवसांना तिकडं नुसतं 'सीझन' म्हणतात. १९२७ च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याच्या जोडीनं एक संगीत परिषद झाली, आणि त्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकादमी उभी राहिली. तिचा वार्षिक उत्सव डिसेंबरात होऊ लागला, बघता बघता बाकीच्या संस्थाही त्याच महिन्यात आल्या. या संस्थांना तिथं 'सभा' म्हणतात. आता डिसेंबरच्या मध्यापासून पहिलीपर्यंत शहरात एकाच वेळी इतक्या ठिकाणी गाणं चालतं की लोक वेळापत्रक हातात घेऊन रिक्षानं एका सभेतून दुसरीत पळतात. युनेस्कोनं २०१७ मध्ये चेन्नईला संगीताचं शहर म्हणून आपल्या यादीत घेतलं. महिना त्यांचा मार्गळी. आपला मार्गशीर्ष आणि हा एकच नव्हे, त्यांचा सूर्याच्या हिशेबानं चालतो, म्हणून दोन्ही थोडे मागेपुढे होतात. पण पहाटे उठून गाणी म्हणणं, दारात मोठ्या रांगोळ्या, रांगोळीच्या मध्यावर शेणाच्या गोळ्यात खोवलेलं भोपळ्याचं फूल... हे बघून आत्याबाई म्हणाल्या, "हे तं आपल्या काकड्यासारखंच." त्यानंतर त्यांना ते शहर परकं वाटलंच नाही.

आता खाणं. इथं मी थोडी रेंगाळणार आहे, हरकत असेल तर पुढचे तीन परिच्छेद सोडा.

प्रत्येक मोठ्या सभेला मागच्या अंगाला मांडव घालून कँटीन असतं आणि कुठल्या सभेत कुणाचं गाणं याच्याइतकीच चर्चा कुठं कुठला स्वयंपाकी आहे याची असते. गाण्याचं तिकीट न काढता फक्त जेवून जाणारेही भरपूर, त्यांना कुणी हटकत नाही. दुपारी केळीच्या पानावर पंगत. आधी मीठ, लोणचं, कोशिंबीर, दोन भाज्या, मग सांबारभात, रस्समभात, पायसम, शेवटी दहीभात. संध्याकाळी अडै-अवियल, केळफुलाचे वडे, रवा डोसा, आणि अशोका हलवा नावाचा एक मुगाच्या डाळीचा गोड प्रकार, तंजावरकडचा, ज्याच्यासाठी मी पुन्हा जाईन.

आत्याबाई पंगतीच्या माणूस. पळसाच्या पत्रावळीवर जेवलेल्या. पान कसं मांडलंय, वाढणाऱ्याचा हात कसा चालतो, भात संपायच्या आत सार येतं का, हे त्या जेवणापेक्षा जास्त बघत होत्या. "हात चांगलाय ह्याचा," असं एका वाढप्याला त्यांनी मराठीत सर्टिफिकेट दिलं. त्याला काय कळलं कोण जाणे, त्यानं आणखी एक अप्पळम वाढला. सकाळच्या पोंगलवर मात्र त्यांचा आक्षेप आहे तो आहे. मुगाची डाळ, तांदूळ, मिरे, जिरं, काजू, वरून तुपाची धार, सगळं मान्य. पण पांढरं! "खिचडीत हळद नाही?" आमच्या वसमतच्या बाईला हा धक्काच होता. त्यातून जिथं हळद नाही ते राज्य कुठलं, तर ज्या सेलमच्या नावाची हळद आमच्या शेतात आहे तेच. आमच्या मोंढ्यात इरोडचा भाव रोज विचारतात, तेही तमिळनाडूच. मैलापूरच्या बाजारात एका दुकानासमोर त्यांनी एक हळकुंड उचललं, नखानं खरवडलं, वास घेतला आणि परत ठेवलं. काही बोलल्या नाहीत. पण तोंड बघून मला कळलं, निकाल आपल्या बाजूनं लागला होता.

इडलीबरोबरच्या कोरड्या पूडचटणीत तिळाचं तेल घालतात ते त्यांना फार पटलं, कारण आपण जवसाच्या चटणीत करडीचं तेल घालतो तसंच ते. आणि कॉफी. आयुष्यभर चहा पिलेली ही बाई पितळेच्या पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात कॉफी गार करायला पहिल्याच दिवशी शिकली. बशीतल्या चहाची सवय असली की अवघड नाही म्हणे. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं, तंजावरात आमसुलं संपली म्हणून चिंच घातली, ही गोष्ट भाचीनं रंगवून सांगितली. मी तिला म्हटलं, याला पुरावा कुठला नाही, सगळेच सांगतात एवढंच. आत्याबाई म्हणाल्या, "आमसूल संपल्यावर बाई चिंचच घालती, त्याला राजा कशाला लागतो?"

असो. गाणं.

संध्याकाळी मोठ्या कलाकारांच्या मैफली तिकिटाच्या, पण दुपारी नव्या गायक-गायिकांच्या बऱ्याच मैफली फुकट असतात आणि त्यांना गर्दी कमी. मला विचाराल तर खरी मजा त्यातच. खुर्च्या मिळतात, पंख्याखालची जागा मिळते, आणि वीस-बावीस वर्षांची मुलं जीव तोडून गातात. मैलापूरच्या एका सभेत आम्ही अशाच एका मुलीला ऐकायला बसलो. गाण्याबरोबर व्हायोलिन, मृदंगम. भाषा तमिळ, तेलुगू, काय ते कळेना. पण आजूबाजूचे सगळे मांडीवर हातानं ताल मोजत होते, बोटं मोजत, तळवा उलटा करत. आत्याबाईंनी दहा मिनिटं बघितलं आणि त्याही मोजायला लागल्या. एकदा चुकल्या, शेजारच्या तमिळ आजींनी स्वतःचा हात जरा वर उचलून दाखवला. पुन्हा चुकल्या नाहीत. मृदंगमवाल्याचं एकट्याचं वाजवणं सुरू झालं की अर्धं सभागृह उठून कॉफीला जातं, ही तिथली जुनीच थट्टा आहे. आत्याबाई उठल्या नाहीत. "आता तं खरं चालू झालं," म्हणाल्या.

आणि शेवटी, मुख्य गाणं झाल्यावर जी छोटी छोटी गाणी म्हणतात त्यात त्या मुलीनं एक अभंग घेतला. नामदेवांचा. मराठीत.

नामदेव म्हणजे आमच्या जिल्ह्यातले. नर्सी हे त्यांचं जन्मगाव मानतात. औंढ्याचं देऊळ ज्यांच्या कीर्तनासाठी फिरलं अशी कथा आहे ते हेच. सातशे वर्षांपूर्वीचा आमच्याकडचा शिंपी, आणि त्याचं गाणं चेन्नईत एक तमिळ मुलगी म्हणतेय, हे ऐकायला वसमतहून दोन रात्री प्रवास करून यावं लागतं, याला काय म्हणावं! पण हा योगायोग नव्हता. एकोजी राजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथं भोसल्यांचं राज्य होतं. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ चा लांबलचक मराठी शिलालेख आहे. त्यांच्या मागोमाग मराठी कीर्तनकार गेले, आणि एकोणिसाव्या शतकात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी त्यांची पद्धत घेऊन तमिळ हरिकथा घडवली, त्यात आपली साकी, दिंडी, ओवी, अभंग तशीच राहिली. अलीकडं अरुणा साईराम यांनी मैफलीत नामदेवांचा 'तीर्थ विठ्ठल' म्हणायला सुरुवात केली आणि तो इतका गाजला की आता मैफलीच्या शेवटी अभंगाची फर्माईश होणं तिकडं नेहमीचं झालंय. त्या मुंबईत वाढलेल्या. २०१८ साली त्यांना अकादमीचा संगीत कलानिधी हा मान मिळाला.

त्या मुलीचा 'ठ्ठ' काही नीट येत नव्हता. तमिळ लिपीत ठ नाहीच. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या टाळी धरून बसल्या होत्या, ओठ हलत होते. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ठ म्हणता येईना पोरीला. म्हणू दे. आपल्याला कुठं त्यांचं एक अक्षर येतं?" आणि मग, "पण एवढा दीड तास बसवून शेवटी पाचच मिनिटं?"

तिथलं सगळं छान आहे असं मला म्हणायचं नाही. सभागृहात बसल्यावर आजूबाजूला बघितलं की कळतं, मंचावर कोण आणि खुर्च्यांत कोण. बहुतेक एकाच जातीची, एकाच भागातली माणसं. टी. एम. कृष्णा यांनी याच कारणानं २०१५ मध्ये डिसेंबरच्या सीझनमध्ये गाणं सोडलं आणि कोळीवाड्यात उत्सव भरवायला मदत केली. याच कृष्णांना २०२४ चा संगीत कलानिधी मिळाला तेव्हा किती भांडणं झाली ते वर्तमानपत्रांत आलंच होतं. गाना म्हणून तिथल्या वस्त्यांतलं जे गाणं आहे ते सभेत ऐकू येत नाही. आमच्या भजनी मंडळात तरी सगळ्या आळ्यांच्या बायका एकाच सतरंजीवर बसतात का, हा प्रश्न मला परतीच्या गाडीत पडला होता. उत्तर मला माहीत आहे आणि हे वाचणाऱ्या गावाकडच्यांनाही.

आता 'अशा स्थितीत'.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. राज्य सरकारनंही त्याच महिन्यात बाकीच्या गावांना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. मोठं काम झालं यात शंकाच नाही. पण जी गोष्ट कुठल्याच ठरावात येत नाही ती ही, की अशा बाईनं मजा करायची नाही. तीर्थ चालतं, उपास चालतो, नातवंडं सांभाळणं तर फारच चालतं. आळंदी, काशी, रामेश्वर करा, अकरा दिवस बसमध्ये हाडं मोडून घ्या, लोक पाया पडतील. पण चार दिवस एका शहरात खुर्चीवर बसून गाणं ऐकलं, आणि त्यावर हलवा खाल्ला, तर ते कुठंतरी खटकतं. पैशाचा प्रश्न नसतो. आमच्या दोघींचे मिळून साडेतेरा हजार लागले. यात्रेच्या बसला दोघींचे याहून जास्त जातात आणि त्याला कुणी हिशेब विचारत नाही.

यावर एक सोपी पळवाट असते आणि आमच्या ह्यांनी ती प्रेमानं सुचवलीही होती. मैलापूरला कपालीश्वराचं मोठं देऊळ आहे, आम्ही तिथं एका संध्याकाळी गेलोही होतो. "तेवढं सांगा की, शंकराचं दर्शन घेतलं म्हणून, विषय संपला." खोटंही नव्हतं. पण मला ते नको वाटलं. मौजेला देवाचं पांघरूण घातलं की या वेळी लोक गप्प बसतात, पुढच्या बाईला मात्र पुन्हा देवच शोधावा लागतो. आणि देवाचा तरी काय दोष, दर वेळी त्यालाच सबब का करायचं?

गाण्याच्या जगातही बायकांना आयतं काही मिळालेलं नाही, हे तिथं फार जाणवलं. तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी मोडकळीला आली होती. बंगलोर नागरत्नम्मा या देवदासी गायिकेनं १९२० च्या दशकात स्वतःच्या कमाईतून तिथं देऊळ बांधलं. आणि तिथल्या उत्सवात गायला बायकांना बंदी! तिनं मग बायकांचा वेगळा उत्सव सुरू केला, बऱ्याच वर्षांनी दोन्ही एक झाले. अकादमीचा संगीत कलानिधी पहिल्यांदा एका बाईला मिळाला तो १९६८ साली, एम. एस. सुब्बुलक्ष्मींना. अकादमीला तोवर चाळीस वर्षं झाली होती. हे सगळं मी आत्याबाईंना सांगत होते तर त्या म्हणाल्या, "मग आता तं पोरीच पोरी दिसतात की मंचावर." दिसतात खऱ्या.

तिकडच्या विधवांचं फार बरं चाललंय असंही नाही. फुलं-कुंकवाचे नियम तिथंही आपल्यासारखेच आहेत, भाचीनं सांगितलं. देवळाच्या तळ्याजवळ एका फूलवालीनं हाताच्या कोपरापासून बोटापर्यंत मोजून मोगऱ्याचा सर तोडला आणि आत्याबाईंच्या हातात ठेवला. तिला यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं. आत्याबाईंनी पैसे दिले आणि सर पिशवीत घातला. रात्री तो त्यांच्या उशाशी होता.

आम्ही परत आलो आणि पंधरा-वीस दिवसांत संक्रांत आली. आमच्या गल्लीत घरोघर हळदीकुंकू. जिनं पन्नास वर्षं या गावाची हळद शिजवली तिच्या कपाळाला तेवढ्या दिवसांत कुणी हळद लावत नाही, हे दरवर्षीचं आहे. या वर्षी मी बोलावलं तेव्हा त्यांना माझ्या शेजारी बसवलं आणि वाण त्यांच्या हातून द्यायला लावलं. दोघी-तिघी चुळबुळल्या. बाकीच्यांनी घेतलं. मोठ्या काकूही आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मग, काय काय देव केले मद्रासात?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "देव नाही केले बाई. गाणं ऐकलं अन् इडल्या खाल्ल्या. लई छान होत्या."

कुणी काही बोललं नाही. मग एकीनं विचारलं, इडली आपल्यासारखीच असती का हो, आणि पुढचा अर्धा तास तेच चाललं होतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. डिसेंबरच्या वीस तारखेच्या आसपास गेलात तर सीझन भरात असतो. मैलापूरच्या जवळपास राहा, बऱ्याच सभा तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. दुपारच्या मैफली सोडू नका. सोबत पातळ शाल ठेवा, बाहेर उकडतं आणि मोठ्या सभागृहांत एसीनं गारठायला होतं. दिवसाला दोनच सभा करा, तीन केल्या की पाय आणि कान दोन्ही दुखतात. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात बघायला लागा, दिवाळीच्या गडबडीत विसरू नका. हे काकूंनी त्यांच्या सुनेमार्फत विचारलं होतं, म्हणून मुद्दाम लिहितेय.